नॉर्मन गाडी बघायला आला

शुक्रवारी सकाळी दहा वाजता धुरींची गाडी भारतमाता सिनेमाच्या सिग्नलला बंद पडली. चालवत होती दर्शना, घरातली धाकटी सून. मागच्या सीटवर गावाहून उपचारांसाठी आलेल्या आनंदीबाई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर हॉस्पिटलची फाइल होती आणि हातात पाण्याची बाटली. सिग्नल हिरवा झाला, गाडीने पुढे जायच्या ऐवजी एक झटका दिला, समोरच्या पडद्यावर गिअरचं अक्षर लुकलुकलं आणि गेलं. मागच्या बसवाल्याने हॉर्नवर ठेवलेला हात उचललाच नाही.

दर्शनाने सवयीने करायचं ते केलं. एसी बंद, इंजिन बंद, काच खाली. बाजूने घुसू पाहणाऱ्या टेम्पोला तिने हाताने थांबवलं. थोडा वेळ गेला, गाडी पुन्हा चालू झाली आणि काहीच घडलं नसल्यासारखी परळच्या हॉस्पिटलच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. आनंदीबाईंचा त्या दिवशीचा शेकही झाला. रेडिएशनला गावाकडचे सगळे शेकच म्हणत.

परत येताना आनंदीबाई काचेकडे बघत म्हणाल्या, "दर्शना, माका आता गावाक धाड. देवच वाटेत उभो रवता हा. किती येळा तेच्या बाजूसून जावचा?"

"देव नाही काकू, गिअरबॉक्स आहे."

"तुका गिअरबॉक्स दिसता. माका दिसता ता माका म्हायत."

घरी आल्यावर त्या जेवल्या, औषध घेतलं आणि पिशवी भरायला बसल्या.

दर्शनाच्या सासूने, सुभद्राबाईंनी, ती पिशवी रिकामी केली. न बोलता एकेक लुगडं परत कपाटात ठेवलं. काळाचौकीच्या चाळीत होत्या तेव्हापासून सुभद्राबाईंच्या घरी गावचा कोणी ना कोणी दुखणेकरी असेच. गावाहून निघताना माणसं हॉस्पिटलचं नाव नंतर विचारत, आधी धुरींचं बिऱ्हाड कुठे ते विचारत. एका खोलीत दोन मुलं, नवरा गिरणीच्या पाळीवरून आलेला, आणि मोरीच्या बाजूला अंथरुणावर कोणाचा तरी काका. तेव्हा घरात गाडी नव्हती. सुभद्राबाई रस्त्यात उतरत, येणाऱ्या टॅक्सीच्या पुढ्यात दुखणेकऱ्याची पिशवी ठेवत आणि तिच्या शेजारी उभ्या राहत. इतक्या जवळ परळपर्यंत कोणी टॅक्सीवाला यायला तयार नसे. पण पिशवीवरून गाडी नेणाराही कोणी निघाला नाही. चाळीच्या जागी उंच इमारत झाली, धुरी अकराव्या मजल्यावर गेले, तरी बिऱ्हाडाची ओळख तीच राहिली.

गाडी घेतली धाकट्या वैभवने, दोन वर्षांपूर्वी, ऑफिसला जायला म्हणून. लाल, क्लच नसलेली, पुढे मोठा पडदा. तीन आठवडे तो तिच्यातून गेला. मग पार्किंगला कंटाळून पुन्हा बसने जाऊ लागला. किल्ली फ्रिजवर पडून होती. ती उचलली दर्शनाने. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तिने लालबागच्या ड्रायव्हिंग क्लासात नाव घातलं. तिच्या तुकडीतली बाकीची मुलं अठरा-एकोणीस वर्षांची होती आणि तिला काकी म्हणत. त्यानंतर दादरला कोकणच्या गाडीतून उतरणारा दुखणेकरी थेट लाल गाडीत बसू लागला.

रविवारी सकाळी थोरला राजाराम आणि त्याची बायको लतिका वडाळ्याहून आले. राजारामने चप्पल काढता काढताच जाहीर केलं.

"गिऱ्हाईक मिळालंय. आमच्या रे रोडच्या ऑफिसातला नॉर्मन. साडेअकराला येतोय बघायला."

वैभव सोफ्यावरून उठला. "आज? विकायचं ठरलं कधी, दादा?"

"ठरवायचं काय त्यात? भर रस्त्यात पेशंटला घेऊन बंद पडते ती. सर्व्हिस सेंटरवाले काय बोलले ह्या वेळी?"

"वायर लावली. लॅपटॉपवर सगळं ओके दाखवतं बोलले."

"मग आनंदीकाकूला लॅपटॉपवर बसवून ने." राजाराम स्वतःच हसला. "हे बघ वैभ्या, तुझी हौस झाली. आता फायनल कर. नॉर्मनला मी सांगितलंय, गाडी मक्खन आहे."

वैभव पुन्हा सोफ्यावर बसला. दर्शनाला नवऱ्याचा चेहरा वाचता येत होता. ह्या गाडीवरून तो दोन वर्षं थट्टा ऐकत होता, आणि आता कोणी तरी ती डोळ्यांपुढून नेत असेल तर त्याला सुटका हवी होती. तिने सासूकडे पाहिलं. आजपर्यंत दुखणेकऱ्यांच्या बाबतीत त्या दोघी कायम एका बाजूला असत.

सुभद्राबाई वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "राजा बोलता ता खरा. इकून टाका."

"आई, तुम्ही?"

"मीच. माझ्या घरात इलेलो दुखणेकरी अर्धो शेक घेऊन गेलो, असो एकय नाय. आनंदीक जावचाच आसा. ती निमित्त सोधता. गाडी थांबली की तिका निमित्त गावता. निमित्तच घरात नको."

"आणि टॅक्सी आली नाही, ते निमित्त नाही होणार?"

"टॅक्सी कशी येत नाय ता मी बघतंय."

"तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आई."

"गुडघो नवो आसा. तुझ्या गाडीपेक्षा बरो चलता."

सगळे हसले. दर्शनालाही हसू आलं आणि त्याचाच तिला राग आला. ती उठून स्वयंपाकघरात गेली. गाडी गेली तर नवी येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. ॲपवर बोलावलेली टॅक्सी जवळचं भाडं बघून रद्द होते हे तिने अनेकदा पाहिलं होतं. एकदा मळमळणाऱ्या आनंदीबाईंना एकाने अर्ध्या वाटेत उतरवलंही होतं. पुन्हा तसं एकदा झालं की त्या पिशवी भरतील, आणि ह्या वेळी ती रिकामी करू देणार नाहीत.

मागोमाग लतिका आली. नव्या इमारतीतल्या खोल्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि थोरल्यांना वडाळ्याला जावं लागलं, त्या वर्षापासून दोन जावांमध्ये कामापुरतंच बोलणं होतं. लतिकाने बांगड्यांच्या कालवणावरचं झाकण उचललं, वास घेतला, परत ठेवलं.

"त्रिफळं कमी पडलीत."

"घाला तुम्ही."

लतिकाने त्रिफळं घातली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझी स्कूटी विकली तेव्हा ह्यांनी काय सांगितलेलं माहितीय? दिवाळीला नवीन घेऊ. सारखी पंक्चर होते, कशाला पाहिजे, बोलले. शिवडीला आईकडे मी रोज जायचे स्कूटीने. आता महिन्यातून एकदा जाते, ते पण हे नेतील तेव्हा."

दर्शनाने गॅस बारीक केला.

"तुझ्याबद्दल मला पुळका नाहीये हां," लतिका म्हणाली. "पण तू किल्ली देऊ नकोस."

बाहेर येऊन लतिका सरळ मधल्या खुर्चीवर बसली. "माझं एक म्हणणं आहे. गाडी विकायची असेल तर आधी काकूंचा शेक पुरा होऊ दे. नॉर्मनला काय घाई आहे?"

राजारामने बायकोकडे असं पाहिलं, की जणू आपल्याच खिशात कोणी तरी हात घातलाय. "तू कुठून आलीस ह्यात?"

"वडाळ्याहून. तुमच्यासोबत."

"वहिनी बोलतात त्यात पॉइंट आहे," वैभव म्हणाला. त्याला कोणाच्या तरी मागे उभं राहायला जागा हवी होती, ती सापडली.

"आता तू पण? बाबा, तुम्ही सांगा ह्यांना."

लवू धुरी खिडकीपाशी पेपर वाचत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी मिळेल ते काम केलं आणि त्यातल्या एकाबद्दलही कधी तक्रार केली नाही. त्यांचा अधिकार एकाच गोष्टीत होता. गावकरी मंडळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा होता. देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने बोलायचं, आणि प्रत्येक वाक्यापाठी जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून ते आपलं म्हणायचं. घरात मोठी वस्तू आली किंवा घरातून गेली तरी ते नारळ ठेवून गाऱ्हाणं घालत. ही गाडी आली तेव्हाही घातलं होतं, चाकाखाली लिंबू ठेवून.

"माझा काय ता मी गाऱ्हाण्यात सांगतंय," ते म्हणाले आणि पेपर उलटला.

"मग ते नॉर्मन यायच्या आधी उरका, बाबा. त्याला कशाला ते सगळं."

"घेणारो समोर नसलो तर गाऱ्हाणा कोणासाठी? प्रसाद तेच्या हातात पडाक व्हयो."

रीत तशीच होती.

नॉर्मन ठरल्या वेळी आला. पन्नाशीचा, भरदार, माझगावचा. त्याने सुभद्राबाईंना वाकून नमस्कार केला, वाटाणे सोलायला दोन मुठी घेतल्या आणि चहाचे दोन कप प्याला.

"मम्मीसाठी बघतोय, आंटी. तिला आता टॅक्सीत चढता-उतरता येत नाही. मी चालवणार, ती मागे बसून मला शिव्या घालणार."

"नाव काय आईचा?"

"जेन."

"वय?"

"ते विचारलं तर मला पण शिव्या पडतात."

सुभद्राबाई हसल्या. मग त्यांनी राजारामकडे एकदा बघितलं, आणि त्यानंतर हसल्या नाहीत. दर्शनाला ती नजर समजली. घरचा दुखणेकरी वाचवायला दुसऱ्याच्या आईला त्या गाडीत बसवायचं, हे त्यांच्या मनात आतापर्यंत आलं नव्हतं. ते आत्ता, चहाचा कप हातात देताना, आलं होतं. पण थोरल्या मुलाला परक्यासमोर खोटं पाडायचं त्यांच्या जिभेवर येत नव्हतं.

सगळे खाली उतरले. आनंदीबाईही आल्या, लतिकाच्या हाताला धरून. गाऱ्हाण्याला घरातलं माणूस मागे राहत नाही. मशीनच्या पार्किंगमधून गाडी खाली आली. राजारामने ती सकाळी पुसून घेतलेली असल्याने ती चकचकत होती. लवू धुरींनी पांढरी टोपी घातली, बॉनेटसमोर पाटावर नारळ ठेवला आणि हात जोडले. वॉचमननेही टोपी काढली. नॉर्मन मागे उभा होता. त्याने गळ्यातला क्रूस शर्टाच्या आत सारला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!" लवू धुरींचा आवाज पार्किंगच्या पत्र्यावर आदळून परत आला. "आज ह्या घराची गाडी दुसऱ्याच्या दारात जावक उभी हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिना ह्या घराच्या माणसांचा, गावच्या दुखणेकऱ्यांचा काम इमानान केला हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी नॉर्मनचाही आवाज त्यात होता. त्याला चाल समजली होती, आणि पाहुणा म्हणून मागे राहणं त्याला बरं दिसत नव्हतं.

"पण उन्हाच्या ताणात, गर्दीत रांगेत उभी रवली, की ती झटको देता नि मधीच बंद पडता, आणि कंपनीवाल्यांका तेचा कारण अजून गावूक नाय रे म्हाराजा!"

कोणी साथ दिली नाही. राजारामने ओठ मिटले. वैभवने जमिनीकडे पाहिलं. त्या शांततेत एकच खणखणीत आवाज उठला.

"व्हय म्हाराजा!"

नॉर्मन होता. म्हटल्यावर त्याला आपण काय म्हटलं ते कळलं. त्याने आजूबाजूला पाहिलं, मग गाडीकडे, मग राजारामकडे.

लवू धुरी थांबून राहिले. पाठ फिरवली नाही, हात सोडले नाहीत. घरच्यांची साथ आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही आणि अर्धं सोडताही येत नाही. दर्शना म्हणाली, "व्हय म्हाराजा." सुभद्राबाई म्हणाल्या. लतिका, आनंदीबाई, वैभव. तरीही लवू धुरी थांबलेलेच. शेवटी राजाराम, कानापर्यंत लाल होऊन, म्हणाला, "व्हय म्हाराजा."

"ह्या जाणून जो कोण ती घेयत, तेच्या माणसांक सुखरूप ठेव, आणि नाय घेतल्यान तर आमच्या माणसांक सुखरूप ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. नॉर्मनने प्रसाद घेतला, तोंडात टाकला, चावला.

"राजा," तो म्हणाला, "मक्खन?"

"अरे, थोडंफार असतंच यार सगळ्या गाड्यांत…"

"थोडंफार? मम्मी आत असताना बंद पडली ना, तर गाडीचं सोड, मलाच घरात घेणार नाही ती." मग तो लवू धुरींकडे वळला. रागावलेला नव्हता, खरं तर हसू दाबत होता. "अंकल, हे वर चहा पिताना नाही सांगायचं?"

"चाय पिताना माणूस कायव बोलता. ता कोण धरता? हय बोललेला धरूक लागता."

राजाराम बाजूला जाऊन मोबाइल बघत राहिला. सुभद्राबाई त्याच्याजवळ गेल्या, त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि तो खाईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. नॉर्मनने दर्शनाला विचारलं, "चालवता तुम्ही ना? एक राउंड मारू?"

दोघं निघाली. रविवारच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी खरोखर मक्खनसारखी गेली. करी रोडच्या वळणावरून परत फिरताना नॉर्मन म्हणाला, "काही तर होत नाहीये."

"आज नाही होणार. गर्दी नाही. बघायचं असेल तर उद्या दहाला या."

"तुम्हाला विकायची आहे की नाही?"

"नाही."

"मग नीट सांगायचं ना, रोज बंद पडते म्हणून. मी पळालो असतो."

"रोज नाही पडत," दर्शना म्हणाली. "आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. बंद केली, थोडं थांबलं, की चालू होते. आजवर एकाही पेशंटचा नंबर चुकलेला नाही. टॅक्सीवाले येतच नाहीत. ही येते, मग थांबते."

गाडी इमारतीच्या फाटकात शिरली तेव्हा नॉर्मन म्हणाला, "हे मम्मीला ऐकवलं पाहिजे. तिच्या जिवाचा प्रश्न आहे, मी कोण ठरवणार? गुरुवारी तिला घेऊन येतो. बसू दे तिला, बघू दे. ती हो बोलली तर मी घेतो, खोटीसकट."

वर येऊन त्याने हेच सगळ्यांसमोर सांगितलं. राजाराम म्हणाला, तो दुसरं गिऱ्हाईक बघतोच आहे. सुभद्राबाई म्हणाल्या, इकायची तर सांगून इकायची, पण इकायची. वैभव म्हणाला, शेक होईपर्यंत तरी थांबा. लतिका जेवणाची ताटं मांडत होती; तिने दर्शनाचं ताट आपल्या शेजारी मांडलं.

आनंदीबाई कोपऱ्यातल्या खाटेवर बसून ऐकत होत्या. "ती बाय इली की माका हाक मारा," त्या म्हणाल्या. "ह्यो पुढे बसलो नि बघून गेलो. पुढच्याक काय कळता? झटको बसता तो पाठच्याक. तिका कसा बसूचा, खय धरूचा, ता कोण सांगतला? ह्या घरात माझ्याशिवाय पाठी बसला कोण आसा?"

सुभद्राबाईंनी वाढता हात थांबवला. दर्शनाकडे पाहिलं. मग दोघी पुन्हा वाढायला लागल्या, न जाणो बोलल्याने काही मोडायचं.

सोमवारी गाडी नीट गेली. मंगळवारी ती लालबागच्या बाजारापाशी थांबली. मागून हॉर्न सुरू झाले, दर्शनाचे हात घामाने ओले झाले, आणि मागच्या सीटवरून आवाज आला, "रव जरा. घाई करू नको. ह्या येळी झटको डावीकडे बसलो. तिका उजव्या बाजूक बसूक सांगूक व्हया." हॉस्पिटलातून परतल्यावर आनंदीबाई जेवल्या आणि आडव्या झाल्या. त्यांची पिशवी कपाटावर होती तिथेच राहिली.

बुधवारी संध्याकाळी नॉर्मनचा निरोप आला. जेनचं गुरुवारी चर्चमध्ये काम होतं. तिला यायला जमणार नव्हतं. पुढच्या सोमवारी नक्की.

दर्शनाने निरोप मोठ्याने वाचून दाखवला. शेक पुरे व्हायला अजून बरेच दिवस होते. राजारामचं दुसरं गिऱ्हाईक शनिवारी येणार होतं.

"सोमवार?" आनंदीबाईंनी विचारलं. थोडा विचार केला. "मगे सोमवारपर्यंत मी खय जातंय."